टीव्हीच्या जाहिरातीत खरे आकडेही छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दिवाळी होऊन गेली तरी आता पत्र लिहितेय, कारण नवरात्रापासून दिवाळीपर्यंत तुमच्या पेपरचं पहिलं अख्खं पान बऱ्याचदा टीव्हीच्या जाहिरातीचंच असायचं (बातम्या तिसऱ्या पानावर शोधायला लागायच्या, असो) आणि त्याच जाहिराती कापून पर्समध्ये घालून आम्ही टीव्ही घ्यायला गेलो. फोर के, एचडीआर, १२० हर्ट्झ, गेमिंग टीव्ही, सगळं मोठ्ठ्या टायपात. जे बघून टीव्ही घ्यायचा ते मात्र तळाला मुंगीएवढ्या अक्षरात, नाहीतर छापलेलंच नाही.

आमचं बजेट पंचवीस हजार, त्याच्यावर एक रुपया नाही असं ह्यांनी घरातनं निघतानाच सांगितलेलं. मुलगा अकरावीला, त्याच्याकडे मित्राच्या भावाकडनं घेतलेला सेकंडहँड पीएस फोर, म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळायचं यंत्र. आम्हा दोघांना रात्री जेवणं आटोपली की पिक्चर लागतो. सासूबाईंच्या मालिका काय, कुठल्याही टीव्हीवर चालतात.

आधी स्वस्ताईचं सांगते. २०२५ च्या २२ सप्टेंबरला, घटस्थापनेलाच, ३२ इंचाच्या वरच्या टीव्हीचा जीएसटी २८ वरनं १८ टक्क्यांवर आला आणि आमच्या कॉलनीत सगळेजण, टीव्ही दहा टक्क्यांनी उतरला, असं धरून बसले. तसं होत नाही हो. २० हजारांच्या मालावर आधी कर लावून २५,६०० व्हायचे, आता २३,६०० होतात, म्हणजे सुटले दोन हजार, आणि २५,६०० वर दोन हजार म्हणजे आठ टक्केसुद्धा भरत नाहीत. आणि ३२ इंचापर्यंतच्या टीव्हीला तर आधीपासून १८ टक्केच होता, त्यात काहीच बदललेलं नाही, पण दुकानात बत्तीसवरसुद्धा 'जीएसटी बचत'ची पट्टी चिकटवलेली. मी विचारलं तर म्हणे वहिनी ते सगळ्यालाच लावलंय.

आता साइज. आमच्या हॉलमधलं शोकेस सुताराकडनं करून घेतलेलं, टीव्हीचा कप्पा बरोबर ४० इंच रुंद. हे म्हणाले ४३ इंची बसणारच नाही, बत्तीसच घेऊ. इंच हे तिरपं माप असतं, या कोपऱ्यातनं त्या कोपऱ्यात, हे मी त्यांना टेप धरून दाखवलं तेव्हा पटलं. ४३ इंची टीव्ही रुंदीला ३८ इंचाच्या आसपास भरतो, बसला की आरामात. आमचा सोफा टीव्हीपासून नऊ फुटांवर आहे, आणि ४३ इंची स्क्रीनवर साधी फुल एचडी आणि फोर के (त्यात चित्राचे ठिपके चौपट असतात) यातला फरक नॉर्मल नजरेला साधारण साडेपाच फुटांच्या पलीकडं कळतच नाही. म्हणजे जाहिरातीत सगळ्यात मोठं जे लिहितात तेच आमच्या हॉलमध्ये दिसणार नाही! तरी घेतला फोर केच, कारण या साइजमध्ये आता बहुतेक तोच मिळतो, पण नुसत्या त्या शब्दापायी जास्तीचे चार हजार मोजायचे नाहीत एवढं ठरवलेलं.

दुकानातली गंमत तर वेगळीच. सगळ्या टीव्हींवर एकच व्हिडिओ, निळं पाणी, लाल मासे, पोपट, आणि सगळे व्हिविड मोडवर, डोळे दिपतील एवढं भडक. त्यात कुठलाही टीव्ही छानच दिसणार. मुलानं घरनं पेनड्राइव्ह आणलेला, त्यात विसर्जनाच्या रात्री कृष्णेच्या घाटावर फोनमध्ये काढलेला व्हिडिओ. सेल्समन जरा कुरकुरला पण लावला, आणि सिनेमा मोडपण करायला लावला. शेजारशेजारचे दोन टीव्ही, दोन्ही २४ हजारांच्या आतले. एकावर नदीचं काळं पाणी राखेसारखं करडं दिसत होतं आणि पाण्यात उभ्या माणसांचे काळे केस त्यात मिसळूनच गेलेले, दुसऱ्यावर काळं म्हणजे काळं, पणत्या अगदी उठून दिसत होत्या. पण दुसऱ्याच्या बाजूला जाऊन उभं राहिलं की रंग फिके. पोरगं म्हणालं आई पहिला आयपीएस पॅनेल आणि दुसरा व्हीए, पॅनेलचे म्हणजे पडद्याचे दोन प्रकार आहेत. आयपीएस कडेनं बघायला चांगला, व्हीए अंधाराचे सीन बघायला. आम्ही रात्री लाइट घालवून समोर बसून बघणार म्हणून व्हीए घेतला. सासूबाई स्वयंपाकघराच्या दारातनं बघतात, त्यांना थोडं फिकं दिसतं, पण त्यांचं लक्ष संवादांवर असतं.

मग ते १२० हर्ट्झ, म्हणजे पडदा सेकंदाला किती वेळा बदलतो तो आकडा. जाहिरातीत ठळक १२०, सेल्समन म्हणतो गेमिंगचाच टीव्ही आहे, उद्या पीएस फाईव्ह घेतला तरी चालेल. मुलानं तिथंच उभ्याउभ्या फोनवर कंपनीच्या साइटवर मॉडेल नंबर टाकून बघितलं तर पॅनेल ६० हर्ट्झचं. १२० हा कंपनीच्या स्वतःच्या मोशनच्या हिशोबाचा आकडा, पडदा सेकंदाला साठच वेळा बदलणार. विचारल्यावर सेल्समन म्हणाला पण एचडीएमआय २.१ आहे ना. एचडीएमआय म्हणजे गेमची वायर टीव्हीला लावतो ती जागा आणि २.१ ही त्याची आवृत्ती. त्याचंही तसंच आहे, २.१ लिहिलं म्हणून १२० मिळेलच असं नाही, त्यातली बरीच फीचर्स ऐच्छिक आहेत, एखादंच दिलं तरी २.१ लिहिता येतं. आम्हाला त्यानं फरक पडत नव्हता, पीएस फोर साठच्या वर जातच नाही. पण एखाद्यानं पन्नास हजारांचा पीएस फाईव्ह आणून याला जोडला असता म्हणजे? खोटं बोलले असं मी म्हणत नाही, पण खरंपण सांगितलं नाही.

घरी आल्यावर पहिल्याच संध्याकाळी पोराची बोंब, बटण दाबलं की खेळाडू उशिरा किक मारतोय. मला वाटलं टीव्ही खराब निघाला. तर कारण असं की चित्र गुळगुळीत आणि चकचकीत करायला टीव्ही आत बरंच काही करत बसतो आणि त्याला वेळ लागतो. गेममध्ये सेकंदाला साठ चित्रं, म्हणजे एक चित्र साधारण १७ मिलिसेकंदांचं, आणि टीव्हीनं शंभर मिलिसेकंद खाल्ले तर सहा चित्रं मागं. गेम मोड लावला की ही सगळी कारागिरी बंद होते. तो मोड मेनूत तीन पायऱ्या आत दडवलेला, वर त्याच एचडीएमआयला लावला तरच लागतो ज्याच्यावर गेम जोडलाय. गेमिंग टीव्ही म्हणून विकता तर हे इन्स्टॉलेशनवाल्या पोरानं सांगायला नको का? त्यानं फक्त स्टँडचे स्क्रू पिळले आणि वॉरंटी वाढवून घ्या म्हणून अर्धा तास बसला.

पिक्चरचं पण तेच. ह्यांनी जुना पिक्चर लावला आणि दहा मिनिटांत म्हणाले, हे मालिकेचं शूटिंग चाललंय का? सिनेमा सेकंदाला २४ चित्रांचा असतो, टीव्ही मधली चित्रं स्वतःच्या मनानं बनवून घालतो, म्हणून सगळं सरकल्यासारखं तेलकट दिसतं. मेनूत मोशन का स्मूथ अशा नावानं असतं, ते बंद केलं आणि पिक्चर पिक्चरसारखा झाला. एचडीआर, म्हणजे उजेड आणि अंधार यातला फरक जास्त दाखवणारं चित्र, तर आम्ही गेमला बंदच केलाय, चालू केलं की उलटं काळोखं दिसतं. एचडीआरचे सिनेमे बऱ्याचदा हजार निट्स (हे पडद्याच्या उजेडाचं माप) उजेडाच्या हिशोबानं बनवलेले असतात आणि या किमतीतले टीव्ही अडीचशे-तीनशेच्या आसपास, 'सपोर्ट' आहे म्हणजे सिग्नल घेतो एवढंच.

आणि एक, शेजारच्यांनी पंचावन्न इंची फोर के घेतला आणि नेटफ्लिक्सचा १९९ वाला प्लॅन लावलाय. त्यात ७२० पीच, म्हणजे फुल एचडीहूनही कमी, मिळतं, फुल एचडीला ४९९ आणि फोर केला ६४९ चा प्लॅन लागतो. मी सांगितलं नाही, नवीन घेतलाय, कशाला विरजण घालू.

तर माझं म्हणणं तुमच्या जाहिरात विभागाला आहे. टीव्हीच्या काचेवर वीज किती खातो त्याचं बीईईचं (वीज बचतीचं काम बघणारी सरकारी संस्था) स्टार लेबल सक्तीचं आहे, वर्षाला किती युनिट ते आकड्यात लिहिलेलं असतं, ते बघून आपण निवडू शकतो. मग पॅनेल खरं किती हर्ट्झचं, उजेड किती निट्स आणि गेम मोडमध्ये किती मिलिसेकंद लागतात हे तीन आकडे पण कुठंतरी एका जागी असायला काय हरकत आहे? आमच्या टीव्हीच्या खोक्यावर मी चारही बाजू वाचल्या, निट्स कुठंच लिहिलेले नाहीत. सरकारनं नियम करायचा तेव्हा करू दे, पण पुढच्या गुढीपाडव्याला पहिलं पान विकताना तुम्ही निदान १२० च्या शेजारी तेवढ्याच टायपात पॅनेलचा खरा आकडा छापायला लावू शकता की नाही, याचं उत्तर याच पानावर द्यावं ही विनंती.

आपली,
एक वाचक, विश्रामबाग, सांगली