चवथीला येत नाही

ब्राझिलिया, २४ ऑगस्ट

ती. आई-बाबांस,
सा. न.

फोनवर आईचा आवाज ऐकला की माझा धीर सुटतो, म्हणून लिहितेय. चवथीला येत नाही. तिकीट रद्द केलं. कारण तो कोळी. म्हणजे ती, मादीच सापडलीय, नराचा पत्ता नाही.

बाबा, घरामागच्या दरडीत तुम्ही माडाच्या हिराने मातीचं झाकण उचलायला गेलात आणि आतून कुणीतरी ते गच्च ओढून धरलं, आठवतं? त्याच जातकुळीतली. रुपयाएवढं झाकण, माती नि रेशमाचं, एका बाजूला बिजागरी. या जातीची नोंद अजून कुणीच केलेली नाही. आठ पाय, एकेकाचे सात भाग, सगळे मोजून झाले. नाव ठरलंय, पण छापून येईपर्यंत सांगायचं नसतं. (आई, तुझं नाही. रुसू नकोस.)

नर पहिल्या पावसात मादी शोधायला बाहेर पडतात, आणि इथला पाऊस ऑक्टोबरच्या सुमाराचा. त्याआधी जमिनीत पेले पुरून ठेवायचे, म्हणजे ते आत पडतात. हा सेर्रादोचा माळ वीस लाख चौरस किलोमीटरचा. निम्मा सोयाबीन आणि गुरांखाली गेला. बिळांपासून हाकेच्या अंतरावर नांगर आहे. पुढच्या वर्षी काय उरेल, सांगता येत नाही.

आणि करार दोन वर्षांनी वाढवलाय. सही सोमवारीच केली. हे खरं तर आधी लिहायला हवं होतं.

जेवणाचे हाल नाहीत. रोज भात आणि घेवड्याची उसळ. माळावर गुडघाभर उंचीचा काजू होतो, बोंडू इवलासा, पण वास थेट आपल्या भाटातला. काजू हा शब्दही मूळ इथलाच, हे शेजारच्या काकांना सांगू नका, भांडतील.

आई, ऑस्ट्रेलियात अशीच एक मादी ४३ वर्षं एकाच बिळात राहिली. तुला त्या घरात सत्तेचाळीस झाली. जिंकलीस.

बाबा, गणपतीवरची माटोळी बांधायला स्टुलावर चढायचं नाही. दत्ताला बोलवा. नेवऱ्या दोनच. साखरेचा आकडा कळवा, खरा. आई, गुडघ्याचा पट्टा कपाटात ठेवायला आणलेला नाही. तुमचे रात्रीचे साडेआठ म्हणजे माझे दुपारचे बारा. आरती तेव्हा करा, फोन पाटाजवळ ठेवा.

तुमची,
मनी

ता. क. दरड सारखी करायला जेसीबी आणताय म्हणे. मी येईपर्यंत थांबा.