मींड एकाची, गाणे दुसऱ्याचे

हडर्सफील्ड

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार, वि. वि.

तुझे पत्र पोहोचले. ट्रॉम्बोन आणि युफोनियम ही दोन्ही फुंकायची पितळी वाद्ये एकाच पट्टीत बोलतात, दोन्हींची नळी सुमारे नऊ फुटांची, मग एका बँडला दोन्ही कशाला हवीत, हा तुझा प्रश्न गाणाऱ्याच्या कानाचा आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

सगळे मूळ नळीच्या घडणीत आहे. ट्रॉम्बोनची नळी बरीच लांबवर एकाच जाडीची राहते आणि शेवटी कर्ण्यापाशी फुलते. युफोनियमची नळी आपल्या सनईसारखी हळूहळू रुंदावत जाते. जोराने फुंकले की सरळ नळीतून पुढे सरकणाऱ्या ध्वनिलहरीची चढण इतकी उभी होते की कर्ण्यातून चक्क आघातलहर (शॉक वेव्ह) बाहेर पडते. १९९६ साली हे प्रयोगाने दाखवून दिले गेले. ट्रॉम्बोनच्या आवाजातली ती पत्रा फाटल्यासारखी धार यातूनच येते. रुंदावणाऱ्या नळीत लहर पसरते, तिला धार चढायला तेवढा वाव मिळत नाही, त्यामुळे युफोनियम मोठ्याने वाजवले तरी आवाज चिरका न होता भरत जातो. शिवाय ट्रॉम्बोनचा कर्णा श्रोत्याकडे रोखलेला असतो, युफोनियमचा बहुधा छताकडे. मैदानात वाजवताना आम्हा युफोनियमवाल्यांचे निम्मे गाणे आकाशाला जाते, ही माझी जुनी तक्रार आहे.

आता तुझ्या आवडीच्या मींडेकडे, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाण्याकडे, येतो. मलाही आधी वाटले होते की स्लाइड, म्हणजे स्वर बदलायला पुढेमागे सरकवायची नळी, असलेले वाद्य आपल्या गाण्याच्या जवळचे असणार. एकदा तालमीनंतर शेजाऱ्याचा ट्रॉम्बोन मागून घेतला. स्लाइडवर खुणा नसतात, जागा कानाने आणि मनगटाने शोधायच्या. सातवी, म्हणजे सर्वांत लांबची, जागा गाठायला हात पूर्ण लांबवला आणि पुढच्या वादकाचे नोटेशनचे स्टँड आडवे केले. मींड मिळाली, पण एका फुंकेत सलग सहाच अर्धस्वर, म्हणजे सा पासून तीव्र मध्यमापर्यंत. पंचम गाठायचा तर मींड तुटते. त्याहून गंमत अशी की स्वर जोडून वाजवताना ट्रॉम्बोनवाल्याला जवळपास प्रत्येक स्वराला जिभेचा हलका स्पर्श द्यावा लागतो, नाहीतर मधली घसरण ऐकू येते. ज्याला मींड फुकट मिळाली आहे तो ती लपवायलाच वर्षानुवर्षे शिकतो! उलट, व्हॉल्व्हमुळे (बोटांनी दाबायच्या कळांमुळे) स्वर एकदम बदलत असूनही, श्वास अखंड ठेवला की युफोनियम गातो. ‘युफोनियम’ या नावाच्या मुळाशी गोड आवाज अशा अर्थाचा ग्रीक शब्द आहे. त्यात ब्रास बँडमधली (पितळी वाद्यांच्या बँडमधली) स्वराची सढळ कंपने मिसळली की कधी कधी गोडवा जरा जास्तच होतो.

तरीही ट्रॉम्बोनला मी निव्वळ रणशिंग मानत नाही. मोत्सार्टच्या रेक्विएममध्ये, म्हणजे मृतांसाठीच्या प्रार्थनेच्या संगीतात, अंतिम न्यायाची तुतारी एकटा ट्रॉम्बोन वाजवतो, आणि ती ओरडत नाही, गंभीरपणे बोलते. तीन ट्रॉम्बोन हळू आवाजात एकत्र लागले की मला त्यात जे मिळते ते युफोनियमकडून कधी मिळालेले नाही: स्वराच्या कडा स्वच्छ दिसतात. युफोनियम सर्वांत मिसळतो, आणि मिसळता मिसळता स्वतः हरवतो.

तरी युफोनियम केवळ गोडच असतो असेही नाही. इंग्रज संगीतकार होल्स्ट पोटासाठी ट्रॉम्बोन वाजवत असे. त्याच्या ‘द प्लॅनेट्स’ या वाद्यवृंदाच्या रचनेतल्या ‘मार्स’ या भागामध्ये टेनर ट्युबाचा भाग आहे, जो बहुधा युफोनियमवरच वाजवतात. पाच मात्रांच्या त्या ठेक्यावर तो ट्रम्पेटशी सवाल-जवाब करतो, तेव्हा अंगावर काटा येतो. त्याच होल्स्टच्या बँडसाठीच्या १९११ च्या दुसऱ्या सूटमध्ये (अनेक भागांच्या रचनेत), पहिल्याच भागात, युफोनियमला लोकगीताची एक लांब, निवांत चाल दिली आहे. आधी ‘मार्स’ ऐक, मग ही चाल, आणि दोन्हींत वाद्य एकच आहे हे कानाला पटते का ते कळव.

घरी सर्वांना नमस्कार. लोभ असावा.

तुझा मित्र