बाई, चिंचोक्यांचा डाव अजून चालू आहे

प्रिय बाई,
शि. सा. न. वि. वि.

तुमच्या सेवापूर्तीच्या कार्यक्रमात आपल्या केंद्रातल्या, म्हणजे आसपासच्या शाळांतल्या, जवळजवळ सगळ्यांनी भाषणं केली. वक्तशीरपणा झाला, टापटीप झाली, पटनोंदणीसाठी पाड्यापाड्यावर केलेली पायपीट झाली, शाल-श्रीफळही झालं. पण तुम्ही पहिली-दुसरीच्या पोरांना शिकवायच्या कशा, याबद्दल कोणी अवाक्षर काढलं नाही. माझी बोलायची वेळ येईपर्यंत मसालेभाताचा वास सुटला होता आणि केंद्रप्रमुख घड्याळ बघायला लागले होते. म्हणून हे पत्र लिहितेय. सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय, कारण यातलं बरंचसं दुसऱ्या शिक्षकांच्याही उपयोगाचं आहे आणि तुम्ही स्वतःहून ते कधी कोणाला सांगणार नाही.

शिक्षणसेवक म्हणून मी डहाणू तालुक्यात रुजू झाले तेव्हा शाळा द्विशिक्षकी होती. पहिली-दुसरी एका खोलीत आणि ती माझ्याकडे. घरी वारली बोलणारी मुलं, पुस्तकातली मराठी त्यांना परकी. 'हसत-खेळत शिक्षण' ही अक्षरं भिंतीवर रंगवलेली होतीच. कोणत्या शाळेत नसतात? पण हसत-खेळत म्हणजे सोमवारी सकाळी नेमकं काय करायचं, हे भिंत सांगत नाही. ते शेजारच्या शाळेतून तुम्ही येऊन सांगितलंत, तेही कोणी सांगितलेलं नसताना, स्वतःच्या रजेच्या दिवशी.

पिशवीतून तुम्ही फोडलेले चिंचोके काढलेत. एक बाजू तपकिरी, एक पांढरी. असे दहा अर्धे मुठीत घ्यायचे, खुळखुळवायचे, टाकायचे. पांढरे किती, तपकिरी किती, ते पाटीवर लिहायचं. सहा-चार, सात-तीन, पाच-पाच. पुढच्या फेरीत पांढरे उघडे ठेवायचे, तपकिरींवर हात झाकायचा आणि जोडीदाराने न बघता सांगायचं, हाताखाली किती. बरोबर आलं तर डाव त्याचा. माझ्या वर्गातली पोरं जुगाऱ्यांसारखी त्यावर तुटून पडली. मला वाटलं, चला, वेळ बरा गेला. तेव्हा तुम्ही फळ्यावर 8 + 5 लिहिलंत आणि म्हणालात, "आठाला दहा व्हायला किती हवेत, हे ज्याच्या बोटांवर नाही तर डोक्यात आहे, त्यालाच हातच्याची बेरीज जमते. आपण आत्ता तेच केलं." ज्या मुलाला पाचातून दोन काढून आठाला द्यायचे आणि उरलेले तीन दहावर ठेवायचे हे दिसतं, तो बोटं मोजायची आपणहून सोडतो. गाणी, टाळ्या, नाच हे सगळं करूनही वर्षभर जे जमत नव्हतं, त्याचं कारण मला त्या एका वाक्यात सापडलं.

तुमची कसोटी मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवली आहे: खेळातून गणित काढून टाकलं तरी खेळ चालतच राहिला, तर त्या खेळात गणित नव्हतंच. हल्ली कोणताही उपक्रम हाती आला की मी आधी ही कसोटी लावते आणि खरं सांगू, निम्मे उपक्रम तिथेच गळतात. थर्माकोलचं झाड, त्याला लटकवलेले अंक, फोटो, फोटो व्हॉट्सॲप गटावर, गटावर अंगठे. झाडाजवळ मूल काय करतं? काहीच नाही. बालआनंद मेळाव्यातल्या बाजाराचंही तसंच. भाजी आईने बांधून दिलेली, हिशेब बाबांनी केलेला, मुलगा गांधी टोपी घालून फोटोपुरता बसलेला. तुमच्या शाळेच्या बाजारात सुटे पैसे पोरंच परत करायची. चुकलं तर गिऱ्हाईक भांडायचं आणि तुम्ही मध्ये पडायच्या नाहीत.

गणितमाळेचंही सांगायला हवं. शंभर मण्यांची माळ, दहा लाल, दहा पांढरे, पुन्हा दहा लाल. सगळ्या शाळांत आली आणि बऱ्याच ठिकाणी खिळ्याला लटकून राहिली. तुम्ही त्यावर कपड्यांचे चिमटे आणलेत. चिमटा कुठे लावायचा ते एकाने सांगायचं, दुसऱ्याने कमीत कमी मोजून तिथे पोचायचं. सदतिसाला पोचायला एकेक मणी मोजणारा हरतो, दहा-दहाच्या उड्या मारणारा जिंकतो, आणि चाळिसाकडून तीन मागे येणारा तर राजाच. 2019 साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक, एकवीस' असं संख्यावाचन आलं आणि महाराष्ट्रभर वाद पेटला, तेव्हा मी डी.एड. करत होते. आम्ही वसतिगृहात तावातावाने भांडलो होतो. पुढे तुम्हाला विचारलं तर तुम्ही म्हणालात, "दोन्ही म्हणू दे, पण चिमटा बरोबर लागू दे." एकोणचाळीस ऐकून 49 लिहिणारी पोरं माझ्याही वर्गात होती. चिमटा चाळिसाच्या एक मणी अलीकडे लावून लावून ते गेलं.

आणि 'मामाचं पत्र हरवलं'! हा खेळ तर आपण सगळेच खेळलो, रुमाल घेऊन. तुम्ही रुमालाच्या जागी खरोखरचं पत्र ठेवलंत. ज्याच्या मागे पडेल त्याने चिठ्ठी मनात वाचायची आणि तसं करून दाखवायचं: खिडकीला हात लाव, तीन टाळ्या वाजव, डोक्यावर पाटी ठेवून चाल. चिठ्ठीत काय लिहिलं होतं ते बाकीच्यांनी ओळखायचं. मोठ्याने वाचताना शेजाऱ्याचं ऐकून तोंड हलवता येतं, इथे ती सोयच नाही. वाचलंच नाही तर करणार काय? आठवडाभरात पोरं स्वतः चिठ्ठ्या लिहायला लागली, त्यांच्या बोलीतल्या शब्दांनी, जोडाक्षरांची वाट लावत. एकीने लिहिलं होतं, "बाईना उडी माराया सांग." मी मारली. बोलीतले शब्द लाल शाईने दुरुस्त करायचे नाहीत, हे तुम्ही आधीच बजावलं होतंत, तेही बरं झालं. नाहीतर चिठ्ठ्या दुसऱ्याच दिवशी बंद पडल्या असत्या.

तुम्हाला हे कुठून सुचतं, असं विचारल्यावर तुम्ही नेहमी कोसबाडच्या टेकडीकडे बोट दाखवायच्या. ताराबाई मोडकांनी 1945 साली बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, अनुताई वाघ त्यांच्या जोडीला होत्या आणि पुढे दोघी कोसबाडला आल्या. माँटेसरीचं महागडं साहित्य इथे परवडणारं नव्हतं, म्हणून शिंपले, खडे, बिया आणि पानं वर्गात आली. मुलं शाळेत येत नाहीत म्हणून शाळाच अंगणात गेली. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी तर ती कुरणावर भरली. हे सगळं डी.एड.ला पाच गुणांची टीप म्हणून मी पाठ केलं होतं. आपल्याच तालुक्यातली गोष्ट, आणि ती मला चिंचोक्यांतून कळावी!

काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या वॉल्व ट्यूबच्या खेळाचं श्रेय मात्र तुम्ही टाकाऊ वस्तूंतून विज्ञानाची खेळणी बनवणाऱ्या अरविंद गुप्तांना द्यायच्या. सत्तरच्या दशकाच्या शेवटी, टेल्कोच्या नोकरीतून रजा घेऊन ते मध्य प्रदेशात होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेले, तिथे त्यांनी ही खेळणी बनवली. गूल खरवडलेल्या काड्या, ट्यूबचे छोटे तुकडे सांध्याला. चौकोन करायचा आणि दाबायचा, तो लगेच कलतो. त्रिकोण कितीही दाबा, हलत नाही. व्याख्या वगैरे काही नाही. एका पोराने मान वर करून आपल्या पत्र्याखालच्या कैच्या बघितल्या आणि "ते तिकोनी का" असं विचारलं, तेव्हा तुम्ही उत्तर दिलं नाहीत. त्याच्या हातात अजून चार काड्या ठेवल्यात.

गोंगाटाबद्दल तुमचे विशेष आभार. आमचे मुख्याध्यापक दारात येऊन कपाळाला आठ्या घालून उभे राहायचे. तुम्ही त्यांना आत बोलावून बसवलंत आणि नुसतं ऐकायला सांगितलंत. पोरं भांडत होती, पण "सात कसे, सहाच आहेत, परत मोज" यावरून. त्यानंतर ते दारात आले नाहीत. खिचडी वाढून झाल्यावर कधीकधी चिंचोके घेऊन तेच बसतात, हे तुम्हाला माहीत नसेल.

2024 पासून आनंददायी शनिवार आलाय. त्या दिवशी दप्तर नाही. चांगलंच आहे, फक्त आनंद शनिवारवर सोडला तर सोमवार ते शुक्रवार काय करायचं, असा तुमच्यासारखा खवचट प्रश्न मी परवा बैठकीत विचारला. सगळे हसले. एका सरांनी मात्र नंतर थांबून चिठ्ठ्यांचा खेळ लिहून नेला.

पुढच्या शिक्षण परिषदेत मला अर्धा तास दिलाय. चिंचोके आणि माळ दोन्ही दाखवणार आहे आणि तुमचं नाव घेणार आहे, रागावू नका. जमलं तर या, मागच्या बाकावर बसा हवं तर. एक अडचण तेवढी सोडवा. बेरजेचा डाव पोरांना येतो, पण बारातून पाच वजा करताना दहावर थांबून खाली उतरायचं, हे चिंचोक्यांवर कसं खेळवायचं? तुम्ही दुसरीला काहीतरी करायच्या, दोन जोड्या समोरासमोर बसवून, एवढंच आठवतंय. फोनवर सांगा, नाहीतर आठवडी बाजारात भेटलात तर उभ्या उभ्या.

आपली,
शेजारच्या शाळेतली पहिली-दुसरीची बाई