कडीपाटाची माडी सावरणाऱ्या मिस्त्रीकाकांचे जाहीर आभार

महाल, नागपूर

आदरणीय मिस्त्रीकाका,
सप्रेम नमस्कार.

आमच्या जुन्या घराच्या माडीवर लेथ आणि रंधा मशीन आता सुरळीत चालू आहेत आणि ती चालू असताना खालच्या खोलीतल्या मांडणीवरची भांडी वाजत नाहीत, याबद्दल तुमचे जाहीर आभार मानण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

तुमच्या आधी आलेल्या एका ठेकेदाराने फळ्यांवर चार इंच काँक्रीट ओतण्याचा सल्ला दिला होता. तेवढ्या काँक्रीटचेच वजन दर चौरस मीटरला सुमारे २५० किलो भरते आणि राहत्या खोलीसाठी मानकांनुसार वापराचा भार (माणसे, सामान) मुळात २०० किलोच्या आसपासच धरतात, हे तुम्ही शांतपणे समजावून सांगितले नसते, तर मशीन वर चढण्यापूर्वीच माडी पेलणाऱ्या लाकडी कड्यांची ताकद त्या ओझ्यात संपली असती.

तुम्ही वरच्या फळीला हात लावण्याआधी खाली गेलात, प्रत्येक कडी टोच्याने तपासलीत आणि भिंतीत शिरणारी टोके विशेष काळजीने पाहिलीत, कारण ओल तिथेच मुरते आणि वाळवीही बहुधा तिथूनच शिरते. मधला सागवान ठणठणीत होता, दोन टोके मात्र भुसभुशीत निघाली. त्या कड्यांच्या शेजारी लकडगंजातून आणलेल्या तेवढ्याच उंचीच्या नव्या कड्या भिंतीत टेकवून तुम्ही आरपार बोल्टांनी आवळल्यात.

पण खरी किमया कड्यांखाली मधोमध आडव्या टाकलेल्या तुळईची. कडी जाड करत बसण्यापेक्षा तिचा गाळा, म्हणजे दोन आधारांमधले अंतर, कमी करावा, असा तुमचा आग्रह होता. गाळा निम्मा झाला की मध्यावर ठेवलेल्या त्याच वजनाने कडी साधारण एकअष्टमांशच वाकते, हा हिशेब तुम्ही माझ्याच वहीत मांडून दाखवलात. तुळईखालचे खांब फरशीवर उभे न करता, पावसात फुगणारी आणि उन्हाळ्यात भेगाळणारी काळी माती काढून, मुरूम लागेपर्यंत खणून दगडी बैठकीवर उभे केलेत. मला तेव्हा तो खर्च जास्त वाटला होता. आता वाटत नाही.

लेथच्या चार पायांचे वजन दोनच कड्यांवर येऊ नये म्हणून कड्यांना आडवे जाड पाटे टाकलेत, तेही योग्यच. रबरी पॅडबाबत मात्र आपले मतभेद कायम आहेत: रंधा मशीनखाली ते हवेतच, पण लेथ पाणसळीत राहायचा तर त्याला घट्ट बैठकच बरी, असे मला अजूनही वाटते.

मे महिन्यात लाकूड सुकून आकसले की बोल्ट पुन्हा आवळायचे, ही तुमची सूचना वहीत लिहून ठेवली आहे. त्या वेळी तुम्ही स्वतः येऊन एकदा नजर टाकावी, ही विनंती.

आपला कृतज्ञ,
महालातील एक लेथकारागीर