नाइट ड्यूटीवरच्या लेकीस

चि. बाळ,
प्रभूच्या नावाने अनेक आशीर्वाद.

रविवारी फोनवर तू बोललीस ते मी नुसतं ऐकून घेतलं. "पप्पा, चर्चला जाते, झोपताना प्रार्थना म्हणते, पण भिंतीशी बोलल्यासारखं वाटतं. तुमचं देवाशी जसं आहे तसं माझं नाही." एवढं बोलून तू लगेच आईला मेथीच्या लाडवांचं विचारायला लागलीस. त्या वेळी मला नीट उत्तर सुचलं नाही. चार दिवस तेच डोक्यात आहे, म्हणून आज जेवण झाल्यावर लिहायला बसलो.

तू हे मला सांगितलंस याचं मला फार बरं वाटलं. भिंत वाटते म्हणजे पलीकडं कुणीतरी असावं अशी ओढ तुला लागली आहे. ज्याला ओढच नाही त्याला भिंतही जाणवत नाही.

आपल्या नगरला अमेरिकन मराठी मिशन 1831 साली आलं. पुढं कधीतरी आपल्या घराण्यात पहिला बाप्तिस्मा झाला आणि तेव्हापासून आपण पिढ्यान्‌पिढ्या ख्रिस्ती. तुला विश्वास वारसाने मिळाला, जशी ही चार एकर मला मिळाली. सातबाऱ्यावर वारसाचं नाव तलाठी लावून देतो, रान मात्र ज्याचं त्यानेच कसायचं असतं. मी पस्तिशी उलटेपर्यंत नुसतं नाव लावून बसलो होतो. हे तुला कधी सांगितलं नाही, आता सांगतो.

त्या काळात मी चर्चच्या मंडळीचा सेक्रेटरी होतो. उपासनेत प्रार्थनेला पाळकसाहेब बहुतेक मलाच उभं करत. "हे सर्वसमर्थ, दयासागर स्वर्गीय पित्या" अशी सुरुवात केली की शब्द आपोआप येत. म्हाताऱ्या बाया डोळे पुसत. घरी मात्र मी देवाशी दोन वाक्यंही बोलत नव्हतो. त्याची गरजच वाटत नव्हती.

2005च्या जानेवारीत तुझा भाऊ सातव्या महिन्यात जन्मला आणि चौथ्या दिवशी गेला. तू तेव्हा चार वर्षांची. तुझी आई दवाखान्यातच होती. त्याला दफन करून मी घरी आलो आणि दुसऱ्याच रात्री गव्हाला पाणी द्यायला गेलो, कारण मोटारीची लाईट त्या आठवड्यात रात्री बारानंतरच होती. गहू काही थांबत नाही. थंडी अशी की पाटातल्या पाण्यात पाय बधिर झालेले. वाफा भरला की दारं मोडायचं, पुढच्या वाफ्याला लावायचं. तिसऱ्या का चौथ्या वाफ्यापाशी मी सवयीने प्रार्थना सुरू केली, "हे दयासागर" म्हणालो आणि पुढचा शब्द तोंडातून निघेना. मी फावडं बांधावर फेकलं आणि मोठ्याने म्हणालो, "मला तुझा राग आलाय. तू होतास कुठं?"

माझं मलाच दचकायला झालं. देवाला अरेतुरे, तेही असं. वाफा फुटून पाणी शेजारच्या हरभऱ्यात चाललं होतं, तिकडंही माझं लक्ष नव्हतं. मी रडत होतो आणि बोलत होतो. बाळाची बोटं किती बारीक होती ते त्याला सांगत होतो, जणू त्याला माहीतच नाही. कसलाही आवाज आला नाही, उजेड दिसला नाही. पण बाळा, एवढ्या वर्षांत पहिल्यांदा मला वाटलं की मी कुणाशी तरी बोलतोय. पहाटे सहाला लाईट गेली तेव्हा दुःख तेवढंच होतं, पण त्या दुःखात मी एकटा नव्हतो. आजही मला याहून चांगलं सांगता येत नाही.

तू ज्याला "तुमचं देवाशी जसं आहे" म्हणतेस, ते त्या रात्री सुरू झालं. मला कुणी चांगलं वागायला शिकवलं म्हणून झालं नाही. मी पहिल्यांदा त्याच्याशी खरं बोललो, म्हणून झालं.

दौंडजवळच्या केडगावला (आपल्या नगरच्या नव्हे) पंडिता रमाबाईंनी निराधार बायांसाठी काढलेल्या मुक्ती मिशनला आपण गेलो होतो, आठवतं? तिथं तुला त्यांचं सांगितलं होतं, पण एक गोष्ट राहिली. रमाबाईंचा बाप्तिस्मा 1883 साली इंग्लंडमध्ये झाला. एवढी संस्कृत पंडिता, स्वतः विचार करून आलेली बाई. आणि तिनेच पुढं लिहून ठेवलं की ख्रिस्ती धर्म मला मिळाला होता, पण त्या धर्माचं जीवन जो ख्रिस्त, तो मिळाला नव्हता. तो भेटायला तिला आणखी आठेक वर्षं लागली. ती सगळी वर्षं ती काम करतच होती, विधवांसाठी शाळाही तिने त्यातच काढली. केडगावचं काम नंतरचं. आयुष्याच्या अखेरीस साध्या बायाबापड्यांना कळेल अशा मराठीत तिने अख्खं पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, उतरवलं, त्यासाठी हिब्रू आणि ग्रीक शिकली. तेव्हा तुझा बाप्तिस्मा होऊन चोवीस वर्षं झाली तरी भिंत वाटते म्हणून स्वतःला दोष देऊ नकोस. रमाबाईंच्या वाटेवर तू आहेस.

स्तोत्रसंहिता उघडून बघ. दीडशे स्तोत्रं आहेत, त्यांत स्तुती आहेच, पण तक्रारी किती आहेत! तेरावं स्तोत्र "कुठवर" असं विचारतच सुरू होतं. अठ्ठ्याऐंशीवं तर अंधारातच संपतं, शेवटी दिलासा देणारी ओळसुद्धा नाही. तरीही ते पवित्र शास्त्रात आहे, कुणी ते काढून टाकलं नाही. म्हणजे तसं बोललेलं देवाला चालतं. तुझ्या वॉर्डातला पेशंट "बरं आहे सिस्टर, बरं आहे" म्हणत राहिला तर तू त्याच्यावर उपचार काय करणार? कुठं दुखतं ते त्याने सांगावं लागतं. आणि सांगताच येत नसेल तर पौलाने रोमकरांस पत्रात आठव्या अध्यायात लिहिलंय की आत्मा स्वतः "अनिर्वाच्य कण्हण्याने" आपल्यासाठी मध्यस्थी करतो. कण्हणं म्हणजे काय ते तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं.

एक गोष्ट मात्र आधीच सांगून ठेवतो. आपण खरं बोलायला लागलो की देवही बोलायला लागतो, आणि ते दर वेळी आपल्याला आवडेल असं नसतं. त्या हिवाळ्यानंतर मी रोज पहाटे बोलू लागलो. थोड्याच दिवसांत असं झालं की डोळे मिटले की तुझ्या काकांचा चेहरा समोर. बांधावरून आमचं सहा वर्षं बोलणं बंद होतं. दीड हात जमिनीसाठी. मी शास्त्र उघडावं तर मत्तयचा पाचवा अध्याय आठवायचा: वेदीपाशी अर्पण ठेव, आधी जाऊन भावाशी समेट कर. आठ दिवस मी ते टाळलं. नवव्या दिवशी संध्याकाळी त्याच्या ओट्यावर जाऊन बसलो. तो काही बोलला नाही. वहिनीने चहा आणला, आम्ही दोघांनी बशीत ओतून प्यायलो. उठताना तो म्हणाला, "सकाळी टेप घेऊन ये, दोघं मिळून मोजू." दुसऱ्या दिवशी मोजलं तर अर्धा हात मीच त्याच्यात होतो. ती खूण आम्ही दोघांनी रोवली. काकांच्या घरी तू लहानपणापासून जेवायला जायचीस, त्याची सुरुवात अशी झाली.

आता तुझ्याबद्दल. लागोपाठ सात नाइट झाल्या की माणसाला काहीच जाणवत नाही, भूकसुद्धा नाही. पवित्र शास्त्रातलं 1 राजे, एकोणिसावा अध्याय वाच. एलीया संदेष्टा ईजबेल राणीला भिऊन पळाला, रानात झुडपाखाली बसला आणि म्हणाला, पुरे झालं, आता माझा जीव घे. देवदूताने त्याला उपदेश केला नाही. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचं भांडं उशाशी ठेवून म्हणाला, ऊठ, खा. तो खाऊन पुन्हा झोपला, तर पुन्हा उठवून खाऊ घातलं. वारा, भूकंप, अग्नी आणि त्या सगळ्यामागून आलेली शांत, मंद वाणी हे पुढं चाळीस दिवसांनी होरेब डोंगरावर. तेव्हा ड्यूटी संपवून आलीस की आधी जेव, झोप काढ. गुडघे टेकून पेंगत राहण्यापेक्षा ते देवाला जास्त आवडेल असं मला मनापासून वाटतं.

झोप झाल्यावर दहा मिनिटं काढ. खोलीत मैत्रिणी असतात हे माहीत आहे, गच्चीवर जा. फोन खाली ठेव. म्हणायच्या प्रार्थना त्या दहा मिनिटांत म्हणू नकोस, त्या रविवारी चर्चमध्ये आहेतच. आपल्या घरच्या भाषेत, माझ्याशी बोलतेस तशी बोल. कोणता पेशंट गेला, कुणी तुला टाकून बोललं, कशाची भीती वाटते ते सांग. काहीच वाटत नसेल तर "मला काही वाटत नाही" एवढंच सांग. बोलून झालं की थोडा वेळ गप्प बस. यातलं काही स्टेटसला टाकू नकोस, ते तुमच्या दोघांतलं राहू दे.

वाचायला मार्कचं शुभवर्तमान घे. सोळाच अध्याय आहेत, चारी शुभवर्तमानांत सगळ्यात लहान. पहिल्या अध्यायात पस्तिसावं वचन आहे: मोठ्या पहाटे, अंधार असतानाच उठून येशू एकांतात गेला आणि प्रार्थना करू लागला. आदल्या संध्याकाळी दारात सगळं गाव रोग्यांना घेऊन जमलं होतं. म्हणजे त्याचीही ड्यूटी झालेलीच होती.

लाडू आणि शेंगदाण्याची चटणी काकांच्या मुलाबरोबर शनिवारी पाठवतोय. उद्या पहाटेपासून मीही मार्कच धरतो, पहिल्या अध्यायापासून. तू कुठवर आलीस ते रविवारी फोनवर सांग.

तुझा,
पप्पा