सवलत वायनरीला, नाव शेतकऱ्याचे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

वाईन उद्योगाच्या प्रोत्साहन योजनेवरील कालच्या अंकातील लेख वाचला. त्यात उद्योगाला मिळणारे बळ तपशीलवार आले आहे. मथळ्यात जाहीर केलेला ‘बागायतदारांना दिलासा’ मात्र खालच्या मजकुरात दोनदा शोधूनही मला सापडला नाही.

शासनाच्या 2001 च्या द्राक्ष प्रक्रिया धोरणाचे आणि विंचूरच्या वाईन पार्कचे गोडवे आमच्याकडे पारापारावर गायले जात होते, त्या काळात, म्हणजे 2006 साली, आम्ही दोघा भावांनी अडीच एकर थॉमसनची, म्हणजे खाण्याच्या बिनबियांच्या द्राक्षांची बाग काढून शिराझ ही वाईनच्या द्राक्षांची जात लावली आणि एका वायनरीशी करार केला. पहिली दोन वर्षे माल वेळेवर गेला, पैसेही आले, हे नाकारत नाही. 2010 च्या हंगामात मात्र कंपनीचा माणूस दर आठवड्याला येई, साखर मोजायच्या रिफ्रॅक्टोमीटरवर रसाचा थेंब टाकी आणि ‘अजून ब्रिक्स (रसातील साखरेचे प्रमाण) भरला नाही’ असे सांगून जाई. तिसऱ्या खेपेला ब्रिक्स भरला, पण तोवर कंपनीच्या टाक्याही भरल्या होत्या. खरेदी ‘कंपनीच्या गरजेनुसार’ होईल, असे करारात लिहिलेले होते. सही करताना ते आम्ही वाचले नाही, हा दोष आमचाच.

शिराझचा मणी बारीक, जाड सालीचा आणि बियांचा असतो. तो खायला कोणी विकत घेत नाही आणि बियांमुळे त्याचा बेदाणाही धड होत नाही. थॉमसनचा भाव पडला तर निदान बेदाण्याचा आधार असतो; इथे गिऱ्हाईक एकच आणि त्याने पाठ फिरवली की माल बांधावर. आम्ही तो बांधावरच ओतला आणि एप्रिलमध्ये पुढच्या हंगामासाठीच्या खरड छाटणीऐवजी बागेला कुऱ्हाड लावली. बाग गेली तरी तिच्यावरचे कर्ज पुढे सहा वर्षे फेडत होतो.

म्हणूनच वाईनवरील 20 टक्के मूल्यवर्धित करापैकी 16 टक्के उद्योगाला परत देणारी योजना ‘शेतकऱ्यांसाठी’ आहे असे वाचले की हसू येते. हा परतावा वायनरीच्या खात्यात जमा होतो. तो घेणाऱ्याने करार केलेला सगळा माल ठरलेल्या दराने उचललाच पाहिजे, एवढी एक अट घालायला शासनाला कोणती अडचण आहे, हे लेखकाने विचारायला हवे होते. जानेवारी 2022 मध्ये सुपरमार्केटमधून वाईन विकण्याचा निर्णय झाला, तेव्हाही वाईन ही दारू आहे की नाही यावर महिनाभर रणे माजली. एका बाजूला संस्कृतिरक्षक, दुसऱ्या बाजूला शेतकऱ्यांचे कैवारी, आणि करारातील ‘कंपनीच्या गरजेनुसार’ या ओळीबद्दल दोघेही गप्प! आपल्या दैनिकानेही तेव्हा पानेच्या पाने छापली होती.

जाता जाता आणखी एक. लेखासोबतच्या छायाचित्राखाली ‘वाईनची द्राक्षे’ असे छापले आहे. चित्रातील लांबट, हिरवे, टपोरे मणी खाण्याच्या द्राक्षांचे आहेत. नाशिक आवृत्तीत तरी ही चूक होऊ नये. उद्याच्या अंकात दुरुस्ती छापावी, ही विनंती.

आपला,
एक द्राक्ष बागायतदार
ता. दिंडोरी, जि. नाशिक