महिना ८,३३३ रुपये कमावणारा बाप शोधून द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आरटीईची, म्हणजे खाजगी शाळांतल्या २५ टक्के मोफत जागांची, लॉटरी निघाली की दरवर्षी पेपरात किती जागा, किती अर्ज, कितीजणांचा नंबर लागला हे सगळं येतं, २०२५-२६ ला साधारण १ लाख ९ हजार जागा होत्या आणि अर्ज ३ लाखाच्या वर गेले वगैरे. ते छापता ते बरंच करता. पण ज्या एका आकड्यावर माझ्या दुकानात निम्म्या लोकांचं घोडं अडतं, तो आकडा कधी कोणी धड छापत नाही, म्हणून म्हटलं आपणच लिहावं.

माझं हडपसरला सायबर आहे. झेरॉक्स, प्रिंट, पॅन कार्ड, लाईट बिल, आणि आरटीईचे फॉर्म सुटले की सकाळी शटर वर करायच्या आधीच चार-पाच आईबाप पायरीवर बसलेले असतात, हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत जन्मदाखला, भाडेकरार, आणि घडी घालून घालून फाटत आलेलं रेशनकार्ड. मी आधी विचारतो जातीचा दाखला आहे का. असेल तर उत्पन्नाचं विचारायचं काम नाही, वंचित घटकाला आपल्याकडे उत्पन्नाची अट नाही आणि ते बरोबरच आहे, त्यावर माझं काही म्हणणं नाही. ओपनमधला असला की मग मी पुढचा प्रश्न विचारतो, दाखल्यावर उत्पन्न किती? कारण दुर्बल घटकातून भरायचं तर कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न १ लाखाच्या आत पाहिजे.

१ लाखाला १२ ने भागलं की ८,३३३ येतात. महिन्याचे. आता हडपसरमध्ये एका खोलीचं भाडंच किती आहे ते आपल्याला माहितीय, तेव्हा ८,३३३ मध्ये भाडं, गॅस, किराणा आणि मोबाईलचा रिचार्ज (ज्याच्याशिवाय ओटीपी येत नाही आणि ओटीपीशिवाय फॉर्म भरत नाही) हे सगळं बसवून दाखवणारा माणूस मला अजून भेटायचाय. मी एकदा दुपारी गिऱ्हाईक नव्हतं तेव्हा बसून हिशोब केला. रोजगार हमीची मजुरी २०२५-२६ ला महाराष्ट्रात ३१२ रुपये रोज. महिन्याला २६ दिवस धरले तर वर्षाचे ९७,३४४ होतात. म्हणजे खड्डे खणणारा एकटा माणूस वर्षभर न चुकता कामाला गेला (काम मिळालं तर) तर तो कसाबसा आत बसला, आणि त्याच्या बायकोने नऊ-दहा दिवस जरी काम केलं तरी कुटुंब गरिबीतून बाहेर!

बरं हाच माणूस दुसऱ्या टेबलावर गेला की परत गरीब होतो. लाडकी बहीणला अट अडीच लाखाची. ओपनमधल्या गरिबांच्या १० टक्के आरक्षणाला (ईडब्ल्यूएस) ८ लाखाची, जमीन-फ्लॅटच्या अटी वेगळ्या. मुलींच्या कॉलेजची फी माफ केली २०२४ ला, तिथे पण ८ लाख, ती चांगलीच योजना आहे. आणि इन्कम टॅक्सवाले तर आता १२ लाखापर्यंत नव्या पद्धतीत टॅक्सच नको म्हणतात. म्हणजे पोरगी अठरा वर्षाची झाली की बाप ८ लाखापर्यंत दुर्बल, पोराची आई अडीच लाखापर्यंत दुर्बल, आणि तेच लेकरू पहिलीत जायचं म्हटलं की सगळं घर १ लाखाच्या वर गेलं की सबळ. माझ्याच दुकानात एका बाईंचा लाडकी बहीणचा फॉर्म मीच भरलेला, केशरी कार्ड होतं म्हणून उत्पन्नाचा दाखलासुद्धा लागला नाही, आणि सहा महिन्यांनी त्याच बाईंना त्याच खुर्चीवर बसवून मला सांगावं लागलं की ताई तुम्ही गरीब नाही. त्या हसल्या आधी, त्यांना वाटलं मी गंमत करतोय.

मग लोक काय करतात? सगळ्यांना माहितीय काय करतात. दाखला ८४ हजाराचा येतो, ९० हजाराचा येतो, एकदा बरोब्बर ९९ हजाराचा बघितला. स्वयंघोषणापत्रावर सही करतात, खाली छापलेलं असतं की माहिती खोटी निघाली तर अमुक कलमानुसार शिक्षेस पात्र राहीन (पूर्वी भादंवि १९९, २०० असायचं, आता न्याय संहिता आली म्हणून २३६, २३७ पाहिजे, पण जुनेच छापील कागद अजून फिरतायत), ते कुणी वाचत नाही आणि मी वाचून दाखवलं की माझ्यावरच चिडतात, दादा तुम्ही फॉर्म भरा ना. मला त्यांचा राग येत नाही खरं सांगायचं तर. लेकराच्या शाळेचा पहिला कागद खोटा करायला लावणारी अट ठेवली कुणी?

राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. ही अट गरीब आणि श्रीमंत वेगळे काढतच नाही, ती फक्त ज्याचा पगार कागदावर दिसतो आणि ज्याचा दिसत नाही असे दोन ढीग करते. मागच्या खेपेला एक सिक्युरिटीवाले आले होते, सोसायटीच्या गेटवर १२ तास ड्युटी, हातात चौदा हजाराच्या आसपास पडतात, एजन्सी पीएफ कापते, पगार बँकेत. म्हणजे सगळं कायद्याने, वर्षाला दीड लाखाच्या वर, विषय संपला. त्यांनी विचारलंसुद्धा नाही की काही जमेल का, नुसते पासबुक मिटून उठले. आणि त्याच दिवशी संध्याकाळी ज्यांच्या दोन पिकअप गाड्या मार्केट यार्डला चालतात ते आले, व्यवहार सगळा रोखीचा, दाखला तयार. मी फॉर्म भरला, तहसीलचा शिक्का असलेला दाखला चुकीचा आहे म्हणणारा मी कोण? एकीकडे म्हणायचं पगार बँकेत घ्या, पीएफ कापा, पॅन-आधार जोडा, आणि जो हे सगळं इमानदारीत करतो त्यालाच रांगेतून बाहेर काढायचं.

कोणी म्हणेल मर्यादा वाढवली तर सरकारचा खर्च वाढेल. कसा वाढेल? जागा २५ टक्केच आहेत, त्या कायद्यातच बांधलेल्या आहेत, एका मुलामागे शाळेला जे वर्षाचे १७,६७० द्यायचे (ते वेळेवर देत नाहीत म्हणून शाळावाले ओरडतात, तो वेगळ्या पत्राचा विषय) ते तेवढ्याच मुलांमागे द्यायचेत. लॉटरीच्या भांड्यात चिठ्ठ्या फक्त जास्त पडतील. यात एक खरी अडचण आहे आणि ती मला मान्य आहे, की जो खरोखर ८ हजारात भागवतो त्याचा नंबर लागायची शक्यता कमी होईल. मग दोन फेऱ्या करा ना, आधी १ लाखाच्या आतले, मग वरचे. तसंही दरवर्षी सगळ्या फेऱ्या संपल्या तरी जागा उरतातच.

आणि हे काही जगावेगळं मागणं नाही. दिल्लीत पण असाच १ लाखाचा आकडा होता, डिसेंबर २०२३ ला तिथल्या हायकोर्टाने ५ लाख करा म्हणून सांगितलं, पुढे वरच्या खंडपीठाने तो अडीच लाखावर आणला. गुजरातने २०२५ ला ६ लाख केला. आपल्याकडे मी दुकान टाकलं तेव्हापासून १ लाखच बघतोय, तेव्हा झेरॉक्स १ रुपयाला होती.

आपल्याकडे सरकारने डोकं चालवलं ते उलट बाजूला, ९ फेब्रुवारी २०२४ ला नियमच बदलला की १ किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खाजगी शाळेला आरटीईच्या जागा द्यायची गरज नाही. त्या वर्षी पोर्टलवर लोक शाळांची नावं बघायचे आणि न भरताच घरी जायचे, म्हणायचे झेडपीत टाकायला फॉर्म कशाला. मुंबई हायकोर्टाने आधी मे मध्ये स्थगिती दिली आणि १९ जुलैला तो बदल रद्दच केला, पण तोवर शाळा सुरू होऊन महिना झाला होता आणि कितीतरी लोकांनी कर्ज काढून फी भरलेली. कोर्टात गेलेले पालक होते, संघटना होत्या, म्हणून ते तरी झालं. १ लाखाच्या अटीविरुद्ध कोर्टात कोण जाणार? जो दाखला आणतो त्याला गरज नाही आणि जो आणत नाही तो गेटवर ड्युटीला असतो.

जाता जाता लोकेशनचं पण सांगतो. फॉर्ममध्ये गुगल मॅपवर लाल फुगा आपल्या घरावर नेऊन ठेवायचा असतो, त्यावरून शाळेचं अंतर ठरतं. वस्तीतल्या गल्ल्या मॅपवर धड दिसत नाहीत, माणूस म्हणतो दादा मारुतीच्या मागे, पिठाच्या गिरणीसमोर, आणि मी माऊसने तो फुगा इंचाइंचाने सरकवतो. फुगा चुकीच्या छपरावर बसला तर पडताळणीला अंतरात घोळ निघतो आणि नंबर लागून प्रवेश हातचा जातो. घरून मोबाईलवर भरणारे तर बहुतेक वेळा बसले असतील तिथलंच लोकेशन देऊन मोकळे होतात, ड्युटीवर बसले असतील तर ड्युटीचं! तेव्हा पालकांनो, फुगा नीट झूम करून ठेवा, आणि सबमिट दाबायच्या आधी प्रिंट बघा, घाई करू नका, शेवटच्या दोन दिवसात सर्व्हर रडतो.

तर संपादक साहेब माझी विनंती एवढीच आहे की पुढच्या वेळी फॉर्म सुटल्याची बातमी लावाल तेव्हा शेवटच्या तारखेच्या शेजारी १ लाख हा आकडा पण मोठ्या टाईपात छापा, आणि तुमचा वार्ताहर शिक्षणमंत्र्यांना भेटला तर त्यांना विचारायला सांगा की लाडकी बहीणला जे घर अडीच लाखापर्यंत गरीब आहे ते त्याच घरातल्या पोराला का नाही. ते सिक्युरिटीवाले परवा लाईट बिल भरायला आले होते, धाकटा पुढच्या वर्षी पहिलीच्या वयाचा होतोय म्हणाले, अट बदलली का विचारत होते.

आपला,
एक सायबरवाला, हडपसर, पुणे